गावात बँक नाही आणि बागेचे पैसे रोखीत येणार: सौद्यापासून भरणा पावतीपर्यंत

सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात डाळिंबाची बाग पुष्कळदा जागेवरच जाते. व्यापारी येतो, दोन ओळी फिरतो, फळ फोडून बघतो, दर ठरतो आणि दुसऱ्या दिवशी तोडायला माणसं हजर होतात. पैसे रोख मागितले जातात, कारण न वटलेल्या चेकच्या आणि माल भरून गेलेल्या, परत न आलेल्या ट्रकच्या गोष्टी प्रत्येक वाडीला तोंडपाठ आहेत. तासगावपासून निफाडपर्यंत द्राक्षवाल्यांचीही हीच रड. रोखीचा आग्रह अनुभवातून आलेला आहे, त्याला अडाणीपणा म्हणण्यात अर्थ नाही. अडचण पुढं येते: वाडीत बँक नाही, शाखा पंधरा-वीस किलोमीटरवर, दिवस मावळलेला आणि घरात पाच लाखांच्या नोटा.

त्या रात्रीची काळजी कमी करायची तर काम सौद्याच्या आधीपासून करावं लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू. उदाहरणाला एक आकडा धरू: बाग पाच लाख चाळीस हजारांना गेली.

सौद्याच्या आठवडाभर आधी

पहिल्यांदा तालुक्याच्या शाखेत जाऊन आपलं खातं चालू आहे का ते बघा. दोन वर्षं स्वतःहून काही देवघेव केली नसेल तर बँक खातं निष्क्रिय धरते. केवायसी, म्हणजे ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं, जुनी झाली असेल तर खातं अडकू शकतं. सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे अपुऱ्या कागदांवर उघडलेलं छोटं खातं. जनधनच्या धडाक्यात अशी खाती बरीच उघडली गेली. अशा खात्यात वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर ठेवता येत नाही. व्यापाऱ्यानं प्रामाणिकपणे तीन लाख पाठवले तरी ते तिथं अडकतात, आणि मग ट्रक थांबवून दोघंही एकमेकांकडं संशयानं बघत बसतात. आधार, पॅन आणि दोन फोटो देऊन पूर्ण केवायसी करून घ्या, मोबाईल नंबर जोडलेला आहे याची खात्री करा, आणि शिल्लक कळण्यासाठीचा बँकेचा मिस कॉल नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

त्याच फेरीत सातबारा काढा. त्यावर डाळिंबाची नोंद ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईल ॲपवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदणीत, झालेली असली पाहिजे. ‘एवढे पैसे आले कुठून’ असं कुणी विचारलं तर पहिलं उत्तर हाच कागद देतो. पाहणी करायची राहिली असेल तर मुदतीत करून टाका. नुकसानभरपाईच्या वेळीच तिची आठवण यावी असं काही नाही.

सौदा करताना: रोख दोन लाखांच्या आत

ही या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. नेमकी तीच गावात कुणी सांगत नाही.

1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यात असा नियम आहे की एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारता येत नाही. दंड होतो तो घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. आणि दंडाची रक्कम घेतलेल्या रकमेएवढी असू शकते. जुन्या कायद्यात हे कलम 269एसटी म्हणून ओळखलं जायचं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलले, म्हणून नंबर पाठ करत बसू नका, मर्यादा लक्षात ठेवा.

‘शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग आम्हाला काय’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. उत्पन्नावर कर लागतो की नाही हा एक मुद्दा, पैसे कोणत्या मार्गानं घेतले हा दुसरा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं नोव्हेंबर 2017 मध्ये खास परिपत्रक काढून शेतकऱ्यांबद्दल खुलासा केला होता. शेतकऱ्यानं आपला माल दोन लाखांपेक्षा कमी रकमेला व्यापाऱ्याला रोखीत विकला तर हा नियम आड येत नाही, शेतकऱ्याला पॅन द्यावा लागत नाही आणि व्यापाऱ्याचा खर्चही त्या कारणावरून नामंजूर होत नाही. म्हणजे सवलत आहे, पण दोन लाखांच्या आतच.

तीन दिवस रोज एक लाख ऐंशी हजार घेतले तर? बाग एक, सौदा एक, त्यामुळं तो एकच व्यवहार ठरतो. व्यापारी आणखी एक वाट सुचवतो: ‘एक कागद तुमच्या नावानं करू, एक वहिनींच्या, एक पोराच्या.’ सातबारा खरोखर तिघांच्या नावे असेल, हिस्से वेगळे असतील, तर ज्याचा माल त्याचे पैसे, त्यात गैर काही नाही. नुसता कागदाचा खेळ करायचा असेल तर करू नका. उद्या खुलासा व्यापारी देणार नाही, तुम्हालाच द्यावा लागेल.

तेव्हा आपल्या उदाहरणात एक लाख नव्वद हजार रोख आणि साडेतीन लाख खात्यावर असा सौदा करा. माणसं, खतवाल्याची उधारी, घरखर्च यांना रोख लागतेच, ती एवढ्यात भागते.

पण खात्यावर पैसे येतील याची खात्री काय? त्यासाठी चेक नको, आरटीजीएस मागा, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पाठवलेली मोठी रक्कम. दोन लाख आणि त्यावरच्या रकमेला आरटीजीएस चालतं आणि डिसेंबर 2020 पासून ते रात्री, रविवारी, सणाच्या दिवशीही चालू असतं. ‘आता बँक बंद आहे, उद्या पाठवतो’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. एक अडचण मात्र खरी आहे. बऱ्याच बँकांत नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही. म्हणून विसार घेताना, म्हणजे तोडणीच्या एक-दोन दिवस आधीच, आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी (पासबुकावरचा शाखेचा कोड) व्यापाऱ्याला द्या आणि त्याला एक रुपया पाठवून बघायला सांगा. तोडणीच्या दिवशी काटा झाला, आकडा ठरला, की पैसे आधी आणि ट्रक नंतर. व्यापाऱ्याच्या फोनवरचा फोटो किंवा आपल्याला आलेला मेसेज यावर विसंबू नका, दोन्ही खोटे बनवता येतात. मिस कॉल देऊन किंवा बँकेच्या ॲपवर शिल्लक स्वतः बघा.

चिठ्ठी

बाजार समितीत हिशेबपट्टी मिळते, जागेवरच्या सौद्यात ती मिळत नाही. मग आपणच लिहायची. साध्या वहीच्या पानावर चालेल: तारीख, गट नंबर, व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, पेढीचं नाव, मोबाईल, पॅन किंवा जीएसटी क्रमांक, गाडी नंबर, किती क्रेट, किती किलो, दर, एकूण रक्कम. त्याखाली रोख किती, खात्यावर किती, आणि आरटीजीएसचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. पोलीस पाटील साक्षीला असले तर उत्तम. व्यापाऱ्याच्या आधार कार्डाचा आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याला बाग देण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

नोटा मोजून घेणं

व्यापारी समोर असताना, उजेडात, बसून मोजा. उभ्या उभ्या नाही, आणि बागेच्या बांधावर दहा माणसांसमोर तर नाहीच. पुडक्यावर बँकेची पट्टी आहे म्हणून शंभर नोटा असतीलच असं धरू नका. पट्टी काढून मोजा. मोजताना नोटांचा तपशील लिहीत जा, कारण पुढं भरणा स्लिपवर तोच लागणार आहे. पाचशेच्या 300 म्हणजे दीड लाख, दोनशेच्या 150 म्हणजे तीस हजार, शंभराच्या 100 म्हणजे दहा हजार. झाले एक लाख नव्वद हजार, एकूण 550 नोटा.

खोट्या नोटेची तपासणी इथंच व्हायला हवी. बँकेच्या खिडकीवर खोटी नोट निघाली की ती जप्त होते, शिक्का बसतो, पोच मिळते, पण पैसे मिळत नाहीत. एका वेळी चारपर्यंत निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हा नोंदवला जातो आणि जबाब तुमचा होतो, तोवर व्यापारी शेकडो किलोमीटर लांब गेलेला असतो. पाचशेच्या नोटेत तीन गोष्टी पटकन बघता येतात. नोट तिरकी केली की मधल्या सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. उजेडासमोर धरली की कोऱ्या भागात गांधीजींचं चित्र आणि 500 आकडा दिसतो. आणि डाव्या-उजव्या कडेच्या पाच-पाच तिरप्या रेघा बोटाला उठावदार लागतात. प्रत्येक नोट जमणार नाही, पण पुडक्यातल्या मधल्या दहा-पंधरा तरी काढून बघाच. खोटी नोट सहसा वर-खाली नसते, मध्ये दडवलेली असते.

फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटा तिथंच परत करा. बँका त्या बदलून देतात, पण त्यासाठी वेगळी रांग आणि वेगळा दिवस लागतो. दोन हजाराची नोट कुणी सरकवली तर घेऊ नका. मे 2023 पासून ती मागे घेतली आहे. कायद्यानं ती अजून चलन आहे, पण शाखेत भरता येत नाही. मुंबई, बेलापूर किंवा नागपूरच्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जावं लागतं, नाहीतर टपालानं पाठवून खात्यात जमा करून घ्यावी लागते. एवढा उपद्व्याप दुसऱ्याच्या नोटेसाठी का करायचा?

एक रात्र घरात

रात्र एकच असावी. रक्कम माहीत असणारी माणसं दोन: तुम्ही आणि घरातलं आणखी एक. पोरांना सांगू नका, त्यांना दडवता येत नाही. रक्कम कागदी पाकिटात घालून तोंड चिकटवा, वर आकडा आणि तारीख लिहून दोघांनी सही करा. उद्या ‘दोन हजार कमी कसे’ असा वाद घरातल्या घरात व्हायला नको. स्टेपल मारू नका, रबर लावा.

ठेवायची कुठं? धान्याची कणगी, गादी, देव्हारा आणि कपाटातल्या साड्यांची घडी या चोराच्या पहिल्या चार जागा आहेत. कुलपाची पत्र्याची पेटी आणि तीही माणसं झोपतात त्या खोलीत, हे सगळ्यात साधं आणि बरं. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा जमिनीत पुरून ठेवायचा विचार करू नका, वाळवी आणि ओल यांना नोटेचा कागद फार आवडतो.

आणि उद्या तुमची रोख गावात आहे हे कुणाला कळू द्यायचं नसेल तर आज रात्री पार्टी देऊ नका. बाग गेली की मटण शिजतं, ते सगळ्यांना कळतं. एक दिवस उशिरानं शिजवलं तर काही बिघडत नाही.

रस्ता

सकाळी पहिल्या वेळेला निघा. जाण्याआधी वार बघा: रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद. बाजाराच्या दिवशी शाखेत आणि रस्त्यावर दोन्हीकडं गर्दी असते, शक्यतो तो दिवस टाळा.

मोटारसायकलच्या डिकीत पैसे ठेवू नका. हे वाक्य दोनदा वाचा. तालुक्याच्या गावात बँकेबाहेर, चहाच्या टपरीसमोर डिकी उचकटून रोकड नेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. चोर बँकेपासूनच मागावर असतो आणि तुम्ही थांबायची वाट बघतो. पैसे अंगावर हवेत, बंडीच्या आतल्या खिशात किंवा पोटाशी बांधलेल्या पिशवीत. माणसं दोन हवीत आणि वाटेत थांबा नको. ‘काका, तुमच्या नोटा पडल्यात’, ‘तुमच्या शर्टावर काहीतरी सांडलंय’ असं कुणी म्हणालं तर खाली बघू नका, सरळ आत जा. बँकेत ‘नोटा मोजून देतो’ म्हणणारा मदतनीसही नको, तो कितीही सुशिक्षित दिसला तरी.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर एक जादा काळजी. नाक्यावरचं पथक पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख सापडली आणि कागद नसला तर जप्त करू शकतं. म्हणून चिठ्ठी, सातबारा आणि पासबुक सोबत हवंच. तरीही जप्त झालीच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडं जा. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च नियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी अशी ही तिघांची समिती असते, आणि निवडणुकीशी संबंध नसलेली रक्कम सोडण्याचा अधिकार तिला आहे.

भरायचे कुठं

तालुक्याच्या शाखेची खिडकी ही पहिली पसंती. एका खेपेत सगळे भरा. पॅन सोबत न्या. नसेल तर त्याऐवजी भरायचा घोषणापत्राचा फॉर्म शाखेत मिळतो. स्लिपवर नोटांचा तपशील वहीतून उतरवा, यंत्रातला आकडा डोळ्यांनी बघा, आणि शिक्का व सही असलेला अर्धा भाग हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘थोडे थोडे भरा, म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही’ हा गावातला सल्ला उलटा आहे. बँकांच्या संगणकाला तोच प्रकार संशयास्पद दिसतो. खऱ्या पैशाला लपायचं कारण नाही.

रोकड भरण्याचं यंत्र चालतं, पण ते एका वेळी साधारण 200 नोटाच घेतं. म्हणजे आपल्या 550 नोटांना तीन फेऱ्या, आणि दहा-वीसच्या नोटा ते घेत नाही. मध्येच वीज गेली आणि नोटा आत अडकल्या तर पावती नाही, पैसे नाहीत, अर्ज करत बसा. खिडकी उघडी असताना यंत्राकडं का जायचं?

वाडीतलं टपाल हा मला सगळ्यात कमी लेखला गेलेला मार्ग वाटतो. टपालाच्या बचत खात्याला सरकारची पूर्ण हमी आहे. बँकेत विमा माणशी, बँकेगणिक पाच लाखांपर्यंतच आहे. मात्र वाडीतल्या शाखा डाकघरात एका खात्यात दिवसाला पन्नास हजारांपर्यंतच रोख भरता येते आणि वीस हजारांपर्यंतच काढता येते. त्यामुळं पूर्ण रकमेसाठी मोठ्या गावातल्या उपडाकघरात जा, आणि पुढं घरखर्चाला लागेल तसे वाडीतल्या पोस्टमास्तरांकडून काढा. पासबुकात नोंद आणि शिक्का लगेच मागा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं याहून वेगळं असतं. त्यात दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक राहत नाही, म्हणून ते टपालाच्या बचत खात्याशी जोडून घ्या.

बँक मित्र, म्हणजे गावातलं ग्राहक सेवा केंद्र, पाच-दहा हजारांसाठी सोयीचं आहे. आधारवर अंगठा लावून एका वेळी दहा हजारांपर्यंतच व्यवहार होतो आणि दिवसाची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी असते. लाखांची रोकड तिथं नेऊ नका. आणि एक वाक्य ऐकलं की पैसे उचलून बाहेर पडा: ‘सर्व्हर डाऊन आहे, ठेवून जा, संध्याकाळी टाकतो.’ अशा वेळी फसवायचा हेतू असेलच असं नाही, पण यंत्रातून निघालेली छापील पावती आणि फोनवर मेसेज नसेल तर ते पैसे बँकेत गेलेले नसतात, त्या माणसाकडं ठेवलेले असतात. हातानं लिहिलेली चिठ्ठी पावती नव्हे. बँक मित्राच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते, पण व्यवहार झालाच नाही तर बँक कशाची जबाबदारी घेणार?

उरली पतसंस्था. ती घरी येऊन पैसे नेते, दीड-दोन टक्के जास्त व्याज सांगते, आणि चेअरमन ओळखीचे असतात. पतसंस्थेतल्या ठेवीला, संस्था मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) असली तरी, बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात अशा संस्था बंद पडून लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकली आहे. सहकारी बँकेला विमा आहे, पण तिथंही पैसे लगेच मिळतीलच असं नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आता नियमानं निर्बंधानंतर 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. म्हणून मोठी रक्कम एका जागी पाच लाखांच्या वर ठेवू नका.

त्याच आठवड्यात येणारे लोक

सोनाराकडं जाऊन सगळं सोन्यात घालायचं मन होतं. दोन लाखांची रोख मर्यादा सोनारालाही आहे, आणि घडणावळ गेली ती परत येत नाही. कुणी जमीन दाखवली तर विसार रोखीत देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घेता येत नाही. हातउसने मागायला पाहुणे येतील. कर्ज घेण्यालाही तीच वीस हजारांची मर्यादा आहे. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र काहीच नसेल तर सूट मिळते. एरवी ‘खात्यावर टाकतो’ म्हणा. निम्मे पाहुणे तिथंच विषय बदलतात.

सहा महिन्यांनी पत्र आलं तर

बचत खात्यांत वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. तुमच्यापुढं एखादा मेसेज किंवा पत्र येऊ शकतं. त्यावर गप्प बसणं एवढीच घोडचूक असते. सातबारा, सौद्याची चिठ्ठी, यूटीआर, भरणा स्लिप, खत-औषधांची बिलं, मजुरीची वही, सगळं एका फाईलमध्ये असलं तर तालुक्याचा कर सल्लागार थोडक्यात उत्तर पाठवून देतो. फाईल सहा-सात वर्षं ठेवा, दर बागेची वेगळी. चिठ्ठीची शाई उडते आणि यंत्राची छापील पावती तर काही महिन्यांत कोरी होते, म्हणून आणलेल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढून मूळ पावतीला जोडून ठेवा.